जर्मनीतल्या बॅले कंपनीत समूहनर्तक म्हणून पहिला हंगाम: ऑडिशनपासून करारापर्यंत आणि ओळीत उभं राहण्यापर्यंत

मुंबई-पुण्यात बॅले शिकणारी मुलं आता परदेशी ऑडिशनला जायला लागली आहेत. त्यांना सल्ला मिळतो तो बहुतेक मुख्य भूमिकांबद्दलचा: कोणतं व्हेरिएशन (एकट्याने करायचा ठरावीक नाच) करायचं, किती पिरुएट (एका पायावरच्या गिरक्या) हवेत. पण नोकरी मिळते ती समूहात, म्हणजे 'कोर द बॅले'मध्ये. ते काम वेगळं आहे, त्याचं कौशल्य वेगळं आहे आणि त्याची कागदपत्रंही वेगळी आहेत. मी जर्मनीतल्या एका थिएटरच्या समूहात नाचले. तिथे जाण्याआधी जे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

जर्मनीच का? कारण तिथे सरकारी पैशावर चालणारी सुमारे १४० थिएटरं आहेत आणि त्यातल्या अनेकांचं स्वतःचं नृत्यपथक आहे. नर्तकाला महिन्याचा पगार, आरोग्य विमा आणि पेन्शनची वर्गणी मिळते. कलाकाराला अशी पक्की नोकरी देणारे देश थोडे आहेत.

१. कोणत्या प्रकारच्या कंपनीत जायचं ते आधी ठरवा

जर्मनीत ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एक म्हणजे म्युनिक, बर्लिन, श्टुटगार्ट, हॅम्बर्ग, ड्रेस्डेन इथल्या मोठ्या कंपन्या. तिथे 'स्वान लेक', 'जिझेल' यांसारखी जुनी बॅले पूर्ण ताकदीने होतात, समूहात वीस-पंचवीस मुली एका वेळी लागतात आणि पायऱ्या ठरलेल्या असतात: कोर द बॅले, हाल्बसोलिस्ट (अर्ध-एकलनर्तक), सोलिस्ट (एकलनर्तक), एर्स्टर सोलिस्ट (प्रमुख एकलनर्तक).

दुसरा प्रकार म्हणजे मध्यम शहरांमधली थिएटरं. कंपनी लहान, पायऱ्या बहुधा नाहीतच, आणि आज समूहात असलेला नर्तक पुढच्या प्रयोगात मुख्य भूमिकेत दिसू शकतो. इथे बॅले डायरेक्टर, म्हणजे पथकाचा प्रमुख, स्वतःच्या नव्या रचना करतो. शिवाय त्याच इमारतीत ऑपेरा, ऑपेरेटा आणि म्युझिकल होतात आणि त्यातही तुम्हाला नाचावं लागतं.

अर्ज करण्याआधी त्या थिएटरचे गेल्या दोन-तीन हंगामांचे कार्यक्रम नीट बघा. सगळं मोज्यांवर किंवा अनवाणी होत असेल तर नुसतं पॉइंट शूजमधलं (पायाच्या टोकावर उभं राहायच्या बुटांतलं) व्हेरिएशन पाठवून उपयोग नाही. आणि बॅले डायरेक्टरचा करार कधी संपतो तेही शोधा. नवा डायरेक्टर आला की तो सहसा आपली माणसं घेऊन येतो आणि जुन्या पथकातल्या बऱ्याच जणांना जावं लागतं. शेवटच्या वर्षात असलेल्या डायरेक्टरकडे रुजू होणं म्हणजे वर्षभराची नोकरी समजूनच जायचं.

२. ऑडिशन

हंगाम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतो, त्याच्या ऑडिशन साधारण डिसेंबर ते मार्चमध्ये होतात. म्हणून व्हिडिओ दिवाळीच्या आत तयार हवा.

व्हिडिओत बारचे (दांड्याला धरून करायचे) दोन-तीन व्यायाम, सेंटरमध्ये (दांडा सोडून) अडाजिओ म्हणजे संथ हालचाली, पिरुएट, लहान आणि मोठ्या उड्या, मग एक शास्त्रीय व्हेरिएशन आणि एक आधुनिक तुकडा ठेवा. गाळणी पहिल्या मिनिटातच लागते, त्यामुळे सुरुवातीला नाव, उंची, वय आणि लगेच नाच. उडती अक्षरं, स्लो मोशन काही नको. फोटोत एक चेहऱ्याचा आणि एक पूर्ण अरेबेस्कचा (एका पायावर उभं राहून दुसरा मागे सरळ उचललेला) पुरे. सीव्हीत उंची न विसरता लिहा. समूहात ओळी उंचीप्रमाणे लागतात आणि कधी कधी केवळ एका विशिष्ट उंचीची मुलगीच हवी असते. नकार आला तर त्यामागे हेही कारण असू शकतं.

भारतीय पासपोर्टवर ऑडिशनसाठी शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा, थोड्या दिवसांचा) लागतो. थिएटरकडून निमंत्रणाचं पत्र मागून घ्या, बहुतेक जण देतात. एकाच फेरीत चार-पाच ऑडिशन बसवा, कारण येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च आपलाच असतो.

प्रत्यक्ष ऑडिशनमध्ये छातीवर नंबर लावून क्लास होतो. बारनंतरच पहिली गळती होते, ते मनाला लावून घेऊ नका. समूहासाठी निवडताना समोर बसलेली माणसं काय बघतात ते लक्षात ठेवा: रचना किती पटकन उचलता, ओळ बदलायला सांगितल्यावर मागे जाता की पुढेच रेंगाळता, शेजारच्याला हात लागणार नाही इतकं अंतर आपोआप राखता का. पाय किती वर जातो हे त्यांनी व्हिडिओत पाहिलेलंच असतं.

सापळा: 'करार मिळवून देतो' म्हणून आधी पैसे मागणारी माणसं. खरी एजन्सी कमिशन घेते ते काम मिळाल्यावर. तसंच 'ट्रेनी' किंवा 'एलेव' या नावाच्या शिकाऊ जागा नीट तपासा. काही ठिकाणी छोटं मानधन मिळतं आणि अनुभव उत्तम असतो, काही ठिकाणी उलट तुमच्याकडूनच फी मागतात आणि काम मात्र पूर्ण समूहनर्तकाचं करून घेतात.

३. करार सहीआधी शब्दन्‌शब्द वाचा

सरकारी थिएटरांमधले कलाकारांचे करार 'एनव्ही ब्यूने' या सामूहिक करारावर आधारलेले असतात. तो २००३ पासून लागू आहे. करार जर्मनमध्ये येतो. भाषा येत नसेल तर भाषांतर करून घ्या आणि कलाकारांच्या संघटनेला दाखवा. जीडीबीए आणि व्हीडीओ या दोन संघटना नर्तकांसाठी काम करतात. सभासद होणं हा फालतू खर्च नाही. कायदेशीर सल्ला तिथेच मिळतो.

पुढच्या गोष्टी करारात शोधा:

- पगाराचा आकडा 'ब्रुट्टो' आहे. अविवाहित माणसाच्या हातात कर, विमा आणि पेन्शन कापून बरीच कमी रक्कम येते. घरभाडं ठरवताना हातात येणारा आकडा धरा.
- 'समूहनृत्य, एकल कामाच्या बांधिलकीसह' असा शब्दप्रयोग आहे का. असेल तर एकल भूमिका मिळाली तरी वेगळे पैसे मिळतीलच असं नाही.
- पॉइंट शूज थिएटर देतं का, महिन्याला किती जोड.
- फिजिओथेरपिस्ट थिएटरमध्ये येतो का.
- बाहेरचे कार्यक्रम आणि शिकवण्या यांना परवानगी कशी घ्यायची.

हे प्रश्न विचारले तर नोकरी जाईल अशी भीती आपल्याकडच्या मुलांना फार वाटते. तिथे हे प्रश्न रोजचे आहेत. न विचारणाऱ्याचंच नवल वाटतं.

४. व्हिसा आणि पहिले पंधरा दिवस

शेंगेन व्हिसावर ऑडिशन दिली, करार मिळाला, म्हणून तिथेच राहून काम सुरू करता येत नाही. भारतात परत येऊन राष्ट्रीय (दीर्घ मुक्कामाच्या) व्हिसासाठी अर्ज करावा लागतो. महाराष्ट्रातल्यांचा अर्ज मुंबईच्या जर्मन वकिलातीकडे जातो. वेळ लागतो, म्हणून सही झाली की त्याच आठवड्यात कामाला लागा आणि थिएटरच्या कार्मिक विभागाला त्यांच्याकडचे कागद तातडीने पाठवायला सांगा.

जवळ ठेवायचे कागद:

- पासपोर्ट आणि बायोमेट्रिक फोटो
- सही झालेला करार
- नृत्यशिक्षणाची प्रमाणपत्रं, परीक्षांचे निकाल, शिक्षकांची पत्रं
- सीव्ही आणि आतापर्यंतच्या प्रयोगांची यादी
- आरोग्य विम्याची सोय झाल्याचा कागद
- राहण्याच्या जागेचा पुरावा
- सगळ्याच्या दोन-दोन प्रती आणि फोनमध्ये स्कॅन

पोचल्यावर घर मिळालं की दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करायची, तिला 'आनमेल्डुंग' म्हणतात. त्यासाठी घरमालकाची सही असलेला ठरावीक कागद लागतो. नोंदणीची परवानगी न देणारं घर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका, कारण पुढचं सगळं या एका नोंदणीवर अडतं: कर क्रमांक पोस्टाने त्याच पत्त्यावर येतो, बँक तोच पत्ता विचारते, परदेशी नागरिकांच्या कार्यालयातलं राहण्याचं कार्डही त्यावरच निघतं. पुष्कळ थिएटरांकडे पाहुण्या कलाकारांसाठी खोल्या असतात. पहिल्या दोन महिन्यांसाठी ती मिळते का ते करार होतानाच विचारा.

नोंदणी झाली की काही आठवड्यांनी रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येतं, घरामागे महिन्याला १८.३६ युरो. घरात टीव्ही नसला तरी ते भरावं लागतं. ती फसवणूक समजून कागद फेकून देऊ नका. घरात आणखी कुणी आधीच भरत असेल तर त्याच्या शुल्क खात्याचा क्रमांक कळवला की पुरतं.

५. वेळापत्रक वाचायला शिका

सकाळी दहाच्या सुमाराला क्लास, साधारण सव्वा तास. मग तालमी, मध्ये जेवणाची सुट्टी, पुन्हा तालमी. प्रयोग असेल त्या दिवशी दुपार मोकळी आणि संध्याकाळी मेकअप, वॉर्म-अप, प्रयोग. काही थिएटरांमध्ये तालमी सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी सहा ते दहा अशा दोन तुकड्यांत होतात. दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक आदल्या दिवशी दुपारी लागतं, त्यामुळे त्याआधी कुणाला पक्का शब्द देता येत नाही. घरच्यांना भारतात फोनची वेळ कळवताना हे समजावून सांगावं लागतं.

प्रयोग जवळ आला की त्या कागदावर आद्याक्षरं दिसायला लागतात. केएचपी म्हणजे पियानोवरची मुख्य तालीम, वेशभूषा आणि मेकअपसह. ओएचपी म्हणजे ऑर्केस्ट्रासह मुख्य तालीम. जीपी म्हणजे गेनराल्प्रोबे, शेवटची रंगीत तालीम. ऑर्केस्ट्राबरोबरची पहिली तालीम समूहाला जड जाते. महिनोनमहिने कानात पियानो बसलेला असतो आणि अचानक लय वेगळी वाटते, ओळखीचा सूर दुसऱ्याच वाद्यातून येतो. त्या संगीताचं ऑर्केस्ट्रावरचं ध्वनिमुद्रण आधीपासून ऐकत राहा.

प्रयोगाच्या रात्री सगळा कारभार इन्स्पित्सिएंटच्या, म्हणजे रंगमंच व्यवस्थापकाच्या, हातात असतो. तोच स्पीकरवरून हाका मारतो, दिवे आणि पडदा सोडतो. प्रयोगाआधी अर्धा तास तुम्ही इमारतीत हजर असायलाच हवं. ट्रेन रद्द झाली तर सर्वात आधी फोन इन्स्पित्सिएंटला.

आणि एक रीत सांभाळा. प्रयोगाआधी शुभेच्छा म्हणून कुणी खांद्यावरून 'टॉय टॉय टॉय' म्हणालं तर उत्तरात धन्यवाद म्हणायचं नाही. ते अपशकुनी समजतात. नर्तक एकमेकांना 'मेर्द' म्हणतात, तिथेही तोच नियम. रंगमंचावर शीळ घालू नका.

६. ओळीत नाचणं

खरं काम हे आहे, म्हणून इथे थोडं थांबते.

शाळेत आपल्याला आरसा आणि शिक्षक एवढंच दिसतं. समूहात तुम्हाला एकाच वेळी पुढचीची मान, डावीकडचीची कोपर, रंगमंचाच्या कडेवरच्या खुणा आणि कंडक्टरचा हात दिसायला हवा, आणि चेहरा मात्र सरळ समोर. डोळे न वळवता कडेचं बघायची ही सवय करावी लागते. पहिल्या दिवसापासून बारवरही शेजारच्याबरोबर श्वास घेऊन हात उचलायचा सराव ठेवा.

'जिझेल'चा दुसरा अंक घ्या. १८४१ मध्ये पॅरिसला पहिल्यांदा झालेलं हे बॅले. विलींच्या (लग्नाआधीच मेलेल्या मुलींच्या भुतांच्या) दोन फळ्या दोन बाजूंनी येतात, एका पायावर, दुसरा पाय मागे अरेबेस्कमध्ये, छोट्या उड्या घेत एकमेकींच्या ओळींमधून आरपार जातात. प्रेक्षक इथे हमखास टाळ्या वाजवतात. आतून काय चाललेलं असतं? उभ्या पायाची पोटरी पेटलेली, उडीचा आवाज होऊ द्यायचा नाही, मागचा पाय शेजारणीच्या पायाइतकाच वर, तसूभरही जास्त नाही. तुमचा पाय नव्वद अंशांच्या वर सहज जात असेल तरीही तो खाली ठेवायचा. समोरून येणारीच्या आणि आपल्यामधल्या फटीतून नेमकं जायचं. मध्ये एकीने अंतर चुकवलं तर मागच्या सगळ्या जणी तिच्याप्रमाणे सरकतात, कारण ओळ सरळ दिसणं महत्त्वाचं, कोण बरोबर होतं ते नाही. लेझीम खेळलेल्यांना हे लगेच समजेल: बरोबर असूनही एकटं पडलेला माणूसच चुकलेला दिसतो.

'ला बायादेर'मधला सावल्यांचा प्रवेश तर निव्वळ समूहाचाच आहे. १८७७ मध्ये नृत्यरचनाकार पेतिपाने सेंट पीटर्सबर्गला बसवलेलं हे बॅले एका कल्पनेतल्या भारतात घडतं. उतारावरून एकेक मुलगी अरेबेस्क घेत खाली येते, मागून दुसरी, तिसरी, अशी रंगमंच भरेपर्यंत. सर्वात आधी उतरणारीला तीच हालचाल सर्वात जास्त वेळा करावी लागते. ती जागा मिळाली तर तो तुमच्यावरचा मोठा विश्वास आहे. बर्लिनच्या राज्य बॅलेने २०१८ मध्ये नृत्यरचनाकार अलेक्सेई रात्मान्स्कीकडून हे बॅले जुन्या नोंदींवरून नव्याने उभं केलं. भारतीय म्हणून तुम्हाला तालमीत 'हा नमस्कार बरोबर आहे का' असं कुणी विचारलं तर स्पष्ट सांगा. आपलं मत मोकळेपणाने आणि वेळेत मांडलेलं बरं, रंगीत तालमीच्या रात्री नव्हे.

कामाची पद्धत:

एक वही ठेवा आणि प्रत्येक तालमीनंतर त्याच दिवशी जमिनीवरचे आकार काढा: कितव्या आठाला (आठ मोजांच्या गटाला) कुठून कुठे, कोणाच्या मागून, कोणत्या खुणेवर. प्रेक्षकांची बाजू कागदावर नेहमी खालीच ठेवा, म्हणजे गोंधळ होत नाही. व्हिडिओ बघून शिकताना डावं-उजवं उलटं होत नाहीये ना ते तपासा. तबल्याच्या ठेक्यावर मोजायची सवय असलेल्यांना मोजणं सोपं जातं, फक्त इथे कंडक्टर लय ओढतो-सोडतो, त्यामुळे आकड्यांबरोबर सूरही पाठ हवा.

स्वतःची जागा आली की शेजारच्या दोन जागा शिका. कुणी आजारी पडलं की दुपारी चारला फोन येतो आणि संध्याकाळी दुसऱ्याच जागेवर उभं राहावं लागतं. ज्याला तिन्ही जागा येतात तो नर्तक बॅलेमास्टरच्या (तालमी घेणाऱ्याच्या) नजरेत लवकर भरतो.

'डावीकडून तिसरी, डोकं!' अशी हाक आली तर मान हलवून ऐकल्याचं दाखवा आणि दुरुस्त करा. कारण सांगत बसू नका. तालमीत नव्या नर्तकाने जुन्याला दुरुस्त करायचं नसतं, अंतराबद्दल बोलायचं असेल तर सुट्टीत हळूच बोला.

मुलांसाठी थोडं वेगळं आहे. समूहातले पुरुष शेतकरी, दरबारी, शिकारी होतात, माझुर्का आणि चार्दाश (पोलिश आणि हंगेरियन ढंगाचे नाच) टाचेच्या बुटांत नाचतात आणि बऱ्याच उचल-ठेवी करतात. पाठ आणि खांदे बळकट करायचं काम क्लासच्या बाहेर नियमित करावं लागतं, ते क्लासमध्ये होत नाही.

७. पॉइंट शूज

थिएटरने जोड दिले तरी ते घालण्याजोगे करणं तुमचंच काम. माझी पद्धत अशी: आधी टाचेचा कापडी भाग आत दुमडून कोन बघायचा आणि रिबन तिथे शिवायची, चकचकीत बाजू बाहेर, टोकं लायटरने जाळून घ्यायची म्हणजे धागे सुटत नाहीत. शिवताना दोरीच्या नळीत सुई जाऊ द्यायची नाही, नाहीतर ती आवळता येत नाही. इलॅस्टिक टाचेवर आडवं. टोकाचं सॅटिन कापून काढायचं, कारण ते गुळगुळीत असतं आणि घसरतं, मग कडेने जाड दोऱ्याने रफू. तळव्याची पट्टी पाय जिथे वाकतो तिथेच हाताने वाकवायची. शूज मऊ पडायला लागले की आत टोकात थोडा गोंद घालून रात्रभर सुकू द्यायचे.

लंडनच्या फ्रीडसारख्या कंपन्यांच्या शूजवर तो जोड घडवणाऱ्या कारागिराची खूण तळव्यावर असते. एकदा आपल्या पायाला जमणारा कारागीर सापडला की तीच खूण मागवत राहा.

'जिझेल'च्या दुसऱ्या अंकाला फार टणक शूज घालू नका, उड्यांचा टकटक आवाज पार बाल्कनीपर्यंत जातो. थोडे नाचलेले शूज त्यासाठी बाजूला काढून ठेवा. मेकअपच्या टेबलावर सुई, दोरा, लायटर, जास्तीची रिबन नेहमी ठेवा. शिवलेला एक जोड कायम तयार असावा.

८. दुखापत झाली तर

तालमीत किंवा प्रयोगात पाय मुरगळला तर तो कामावरचा अपघात असतो. त्याच दिवशी थिएटरमध्ये नोंद करा आणि 'दुर्खगांग्सआर्त्स्ट'कडे जा, म्हणजे कामावरच्या अपघातांसाठी मान्यता असलेल्या डॉक्टरकडे. ही नोंद नसेल तर दोन वर्षांनी तोच घोटा त्रास द्यायला लागल्यावर अपघात विमा हात वर करतो. 'किरकोळ आहे' म्हणून नाचत राहणं आपल्याकडे कौतुकाचं मानतात, तिथे ते महागात पडतं.

आजारी असाल तर सकाळी लगेच कळवा. तीन दिवसांपेक्षा जास्त राहणार असेल तर डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, काही थिएटर पहिल्याच दिवशी मागतात. आजारपणात सहा आठवडे पगार थिएटर देतं, त्यानंतर विमा कंपनी त्यापेक्षा कमी भत्ता देते. मात्र नोकरीच्या पहिल्या चार आठवड्यांत थिएटरवर ही पगाराची सक्ती नसते.

मुलींनी एक गोष्ट मनावर घ्या. पाळी थांबली तर ते चांगल्या फॉर्मचं लक्षण नाही. शरीराला पुरेसं अन्न मिळत नाही हा त्याचा अर्थ, आणि पायाच्या हाडाला बारीक तडा जाण्याची वाट तिथूनच सुरू होते. डॉक्टरकडे जा आणि खा. रविवारी दुकानं बंद असतात आणि प्रयोग संपायला दहा-अकरा वाजतात, म्हणून शनिवारीच वरणभात, उसळ करून डबे फ्रीजमध्ये भरून ठेवा.

९. ३१ ऑक्टोबर

एनव्ही ब्यूनेखालचा करार सहसा एका हंगामाचा असतो. ३१ ऑक्टोबरपर्यंत कुठल्याच बाजूने 'पुढे चालू ठेवायचा नाही' असं लेखी कळवलं नाही तर तो आपोआप आणखी एक हंगाम वाढतो. म्हणजे ऑगस्टमध्ये रुजू झालेल्याचा निर्णय पहिल्या दोन-तीन महिन्यांतच होऊ शकतो. असं पत्र देण्याआधी थिएटरला तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. त्या बैठकीला एकटे जाऊ नका. समूहाने निवडलेला प्रतिनिधी किंवा संघटनेचा माणूस बरोबर न्या. एकाच थिएटरमध्ये १५ वर्षांहून जास्त काळ झाला की करार संपवणं थिएटरला फार अवघड होतं, आणि म्हणूनच त्याआधीच्या एक-दोन वर्षांत बऱ्याच जणांना पत्र मिळतं.

पत्र मिळालं तर: करार संपण्याच्या किमान ३ महिने आधी रोजगार कार्यालयात नोकरी शोधत असल्याची नोंद करा, नाहीतर बेकारी भत्त्यात कपात होते. परदेशी नागरिकांच्या कार्यालयातही लगेच कळवा, कारण तुमचं राहण्याचं कार्ड नोकरीशी बांधलेलं असू शकतं. हिवाळ्यातल्या ऑडिशनसाठी रजा मागा आणि ती लेखी घ्या.

नाचणं थांबवून दुसरं काही शिकायचं ठरलं तर बर्लिनमधली 'श्टिफ्टुंग टान्त्स' ही संस्था २०१० पासून नर्तकांना मार्गदर्शन करते आहे. पगारातून कापलेली थिएटर पेन्शनची वर्गणी म्युनिकच्या पेन्शन संस्थेत जमा असते. देश सोडण्याआधी तिथे पत्ता आणि बँक खातं कळवा आणि दरवर्षी येणारं विवरणपत्र जपून ठेवा.